सुटला

कोहमाऱ्याच्या फाट्यावर आमचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. दिवसभर ट्रकवाले येतात, हिंदीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देते. कोणी उधारीचं नाव काढलं की माझा आवाज नागपूरपर्यंत जातो, असं माझा नवरा देवेंद्र म्हणतो. लोक म्हणतात, चंचल लय तिखट बाई आहे. असू द्या तिखट. माझ्या बापाइतका गोड माणूस मी पाहिला आहे आणि त्याच्या गोडपणाचं काय झालं तेही पाहिलं आहे.

माझा बाप दसरू. देवरीच्या पलीकडे, सडक सोडून जंगलात चालत जावं लागतं तिथं आमचा टोला, छोटी वस्ती. धानाचा एक तुकडा, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, एवढ्यावर घर चालायचं. बाबाचं कोणाशी कधी भांडण नाही. बैलाला शिवी द्यायची तरी तो आधी इकडंतिकडं पाहायचा.

मी आश्रमशाळेत सातवीत होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी जंगलातले लोक बंदुका घेऊन आमच्या अंगणात आले आणि भात मागितला. माझ्या मायनं, दुर्पतानं, भात शिजवला. बाबानं पानी दिलं. जेवले आणि गेले. बरं, नाही म्हणायची सोय होती का? अंगणात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही म्हणून पाहा, आज आमच्याकडं स्वयंपाक नाही म्हणून. मग काही दिवसांनी पोलीस आले. त्यांच्याकडंही बंदुका. ते म्हणाले, भात काऊन दिला? दोन्हीकडं बंदूक होती आणि भात तेवढा आमचा होता, म्हणून बाबा जेलात गेला.

मायनं गाय विकली, वकील केला. पावसाळा सरता सरता बाबाला जामीन मिळाला. वकील बाहेर येऊन म्हणाला, "दसरू, सुटला तू. आता फक्त दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची. चुकवली तर वॉरंट निघेल, परत आत." बाबानं हात जोडले. टोल्यात येऊन सगळ्यांना सांगितलं, मी सुटलो. मायनं चार घरी गूळ वाटला.

आमच्या टोल्यात 'सुटला' म्हणजे एवढंच. जेलात होता, आता घरी आहे. गाय दावं तोडून गेली तरी सुटली आणि सकाळी चरायला सोडली, सायंकाळी परत दाव्याला आली, तरी सुटली. पण कोर्टात हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

हजेरी सुरू झाली. सोमवारी पहाटे बाबा उठायचा, न्हायचा, धुतलेला सदरा घालायचा. जंगलातून चालत सडकेवर यायचा, बस पकडायची, ठाण्यात जायचं. ठाण्याच्या आवारात करंजाचं झाड आहे. त्याच्याखाली बाक. बाकावर बसायचं नाही, बाकाच्या बाजूला खाली बसायचं. कोणी तरी बाहेर येऊन "जा" म्हटलं की उठायचं. कधी लवकर म्हणायचे, कधी दुपार व्हायची. "जा" म्हणेपर्यंत बाबा मुतायलासुद्धा उठत नव्हता. खोटं नाही सांगत.

केस चालत राहिली, तारखा पडत राहिल्या. माझं लग्न ठरलं. आमच्या पुजाऱ्यानं, भूमकानं, तारीख काढली तर बाबा पहिले काय बोलला असेल? "सोमवार सोडून पाहा जी." लोक हसले. माझ्या सासरचे विचारायला लागले, याचा सोमवारचा उपास आहे का म्हणून. मला एवढा राग आला होता की लग्न मोडते की काय असं झालं. पण बाबाचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले.

माझ्या लग्नानंतरच्या सालात कोर्टानं निकाल दिला. वकिलानं बाहेर येऊन तेच सांगितलं. "दसरू, सुटला तू." आणि गाडीला किक मारून दुसऱ्या तारखेला गेला. बाबानं हात जोडले. त्याच्या डोक्यात काय आलं? मागं बी सुटलो होतो, तवा हजेरी होती. आता बी सुटलो, हजेरी असंनच. पण त्यानं विचारलं नाही असं नाही हो. पुढच्या सोमवारी ठाण्यात जाऊन त्यानं तिथल्या जमादाराला विचारलं, "साहेब, मी सुटलो कोर्टातून. तं हजेरी?" जमादार मोबाईलमध्ये पाहून राहिला होता. मान वर न करता म्हणाला, "बस तिकडं."

बाबा बसला. झालं.

त्या दोन शब्दांवर माझ्या बापाची पुढची सगळी वर्षं गेली. कोणी मारलं नाही, कोणी बांधलं नाही. ठाण्यातले तर त्याच्यावर माया करायचे. जमादार बदलले, साहेब बदलले, नवीन माणूस आला की जुना सांगून जायचा, हा दसरू, सोमवारी येते. हळूहळू त्याचं नावच सोमवार पडलं. "काय गा सोमवार, आला का?" बाबा आवार झाडून द्यायचा, झाडांना पानी घालायचा. उन्हाळ्यात जंगलातली टेंभरं न्यायचा, चारोळीची चारं न्यायचा, सीताफळाच्या दिवसात सीताफळं. ते खायचे आणि बिया त्याच्याच समोर टाकायचे. मग तो त्या झाडून घ्यायचा.

आणि बाबाला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. हे मला सगळ्यात जास्त लागते. मी माहेरी गेले की सांगायचा, "माहा एकबी सोमवार खाली नाई वं बाई. तापात बी गेलो. नाल्याले पूर होता तवा बी गेलो." जसा काही सरकार त्याला हार घालणार होतं. मी म्हणायचे, "बाबा, किती वर्षं हे? केस संपली नाही का?" तो म्हणायचा, "संपली असती तं साहेबानं सांगतलं नसतं का?" मलाही वाटलं, असंल. आमच्यासारख्यांच्या केसा अशाच चालतात.

टोल्यातले लोक मात्र दूर झाले. बाबा चावडीजवळ आला की बोलणं थांबायचं. हा दर सोमवारी ठाण्यात जाऊन काय सांगते, कोणाला माहीत? दारू गाळणारे घाबरायचे, जंगलातून लाकूड आणणारे घाबरायचे. कोणी वाईट बोललं नाही, पण कोणी पंगतीला आपल्या बाजूला बसवलं नाही. बाबाला हे समजायचं. तो म्हणायचा, "त्याहिचं बी बरोबर हाये." त्याला सगळ्यांचंच बरोबर वाटायचं. त्याचं स्वतःचं एकट्याचं काय ते चूक.

आता मायचं सांगते. सांगायला जीभ वळत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

दोन सालांमागं धान कापणीच्या दिवसात मायच्या छातीत रात्रभर कळ येऊन राहिली होती. सकाळी तिला दम लागायला लागला. तो सोमवार होता. माय बाबाला म्हणाली, आज थांबा जी. बाबा म्हणाला, "हजेरी चुकली तं वारंट निघंन. मी बिगीनं जातो, बिगीनं येतो. आल्यावर तुले दवाखान्यात नेतो." शेजारच्या रुख्मिणी मावशीला सांगून गेला, हिच्याकडं पाहत राय म्हणून. टोल्यात मोबाईलला रेंज येत नाही, मला कोण कळवणार?

त्या दिवशी मोठे साहेब बंदोबस्ताला गेले होते. अर्धं ठाणं रिकामं होतं. बाबाला "जा" म्हणायला कोणी बाहेर आलंच नाही. बाबा करंजाखाली बसून राहिला. ऊन उतरलं तरी बसून राहिला. एकदा उठून दारापर्यंत गेला आणि आत फोनवर बोलणाऱ्या पोराला पाहून परत येऊन बसला. शेवटी चहावाल्या पोऱ्यानं सांगितलं, काका, आज कोणी नाही, जाऊन राहा घरी. मग उठला. घरी पोचला तेव्हा अंगणात माणसं होती. माय गेली होती. रुख्मिणी मावशी म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडं पाहत होती.

मी पोचले तेव्हा माती द्यायची तयारी चालली होती. मी बाबावर तुटून पडले. लोकांसमोर. "कायले गेला होता तू? मेली माझी माय, आता दे हजेरी!" रात्री सगळे झोपले तेव्हा बाबा माझ्याजवळ येऊन बसला आणि लहान पोरासारखा हळू आवाजात म्हणाला, "मी का करू वं बाई? हुकूम होता ना. मी तं थांबलोच असतो. हुकूम होता."

मी त्याचा हात धरला. खरंच होतं. हुकूम होता. मी पोलिसांना शिव्या दिल्या, सरकारला दिल्या, त्या केस करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बापाला मात्र त्या रात्री सोडून दिलं. आणि बापानंही स्वतःला सोडून दिलं असावं, तेवढ्यापुरतं. त्यानंतर कोणी मायची गोष्ट काढली की तो तेच म्हणायचा, हुकूम होता. एवढं बोलला की त्याला भाकर गिळता यायची. पुढच्या सोमवारी तो पुन्हा हजेरीला गेला.

यंदा होळीनंतर मी पाहिलं तर बाबा ताटातला भात चाचपून खाऊन राहिला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जंगलातून सडकेपर्यंत तो काठीनं रस्ता चाचपत जातो, हे मला रुख्मिणी मावशीनं सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी दवाखान्यात जाऊन नाव घातलं. शिबिराची तारीख मिळाली, बिनपैशाचं ऑपरेशन. तारीख निघाली सोमवारची.

"नाई जमत वं," बाबा म्हणाला.

"आंधळा होशीन, मग हजेरीला कसा जाशीन?"

"तू येशीन ना संगं."

बोला आता. शेवटी मी म्हटलं, मीच साहेबाला भेटते. एका सोमवारची सुट्टी मागते. देतील तर देतील. बाबा कसाबसा तयार झाला. शिबिराच्या आधीच्या सोमवारी मी दुकान देवेंद्रवर टाकलं आणि बाबाबरोबर ठाण्यात गेले.

ठाण्यात नवीन साहेब आले होते. तरुण, साताऱ्याकडचे, बोलणं स्वच्छ. बाबाला बाहेर करंजाखाली बसवलं आणि मी आत गेले. आश्रमशाळेत शिकल्यामुळे मला साहेबांसारखं बोलता येतं, त्या दिवशी ते सगळं काढलं. म्हटलं, "सर, माझे वडील दसरू. दर सोमवारी हजेरीला येतात. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. एका सोमवारची मोकळीक पाहिजे."

साहेब म्हणाले, "हजेरी? कशाची?"

मी मनिराम जमादाराकडं पाहिलं. तो इथलाच, गोंदियाचा माणूस, जुना झालेला. तो म्हणाला, "साहेब, ते सोमवार. आपलं, दसरू. जुनी केस हाये त्याची."

साहेबांनी केस विचारली, साल विचारलं, आत फोन लावला, कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरीला शोधायला सांगितलं. मला बसायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. थोड्या वेळानं ती पोरगी आली आणि हळू आवाजात काही तरी बोलली. साहेबांचा चेहरा बदलला.

"ताई, ही केस कधीच संपली आहे. तुमचे वडील निर्दोष सुटले. तेव्हापासून हजेरी वगैरे काही नाही."

मी म्हटलं, "कधी?"

त्यांनी साल सांगितलं. माझ्या लग्नानंतरचं साल. वकिलानं गाडीला किक मारली होती ते.

साहेब मनिरामवर ओरडले. "मग हे कोणाच्या सांगण्यावरून येतात?" मनिराम घाबरला. "साहेब, मी बदलून आलो तवापासून येऊन राहिले जी. मले वाटलं वरून असंन. माह्या आधीच्यानं बी सांगतलं, सोमवारी येते म्हणून." त्याच्या आधीच्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलं असणार. पाठीमागं जात जात शेवटी कोण सापडला असता? मोबाईल पाहत "बस तिकडं" म्हणणारा एक माणूस. त्यालाही आठवत नसणार. माझ्या बापाचं दावं कोणाच्याच हातात नव्हतं हो. खुंटा नव्हता, दावं नव्हतं, आणि माझा बाप मान खाली घालून तिथंच फिरत राहिला.

पहिल्यांदा मला हसू आलं. खरं सांगते, जोरात हसू आलं. सुटला की माझा बाप! आता ऑपरेशन करू, कोहमाऱ्याला घेऊन जाऊ, दुकानासमोर खुर्ची टाकून बसवू. मी उठलेसुद्धा, बाहेर जाऊन सांगायला. दारात पोचले आणि करंजाखाली बसलेला बाबा दिसला. डोळे मिचकावत इकडंच पाहत होता, पण त्याला मी दिसत नव्हते.

आणि माझे पाय तिथंच थांबले. माय मेली तो सोमवार. तेव्हाही हुकूम नव्हता.

मी परत फिरले. साहेबांसमोर हात जोडले. "सर, त्यांना हे सांगू नका. तुमच्या पाया पडते." आणि मी मायचं सगळं सांगितलं. रडत नव्हते, भांडल्यासारखं सांगत होते. मला तसंच सांगता येतं. "सर, तो माणूस हुकूम होता म्हणून जगून राहिला आहे. तुम्ही म्हणाल, हुकूम नव्हता, तर त्याच्या बायकोला सोडून कोण गेलं? तो स्वतः गेला. आपल्या पायानं गेला. मरून जाईल तो. तुम्ही फक्त एवढं म्हणा, तेव्हा हजेरी होती, आजपासून बंद झाली."

साहेब म्हणाले, "आजपासून येऊ नका, एवढं मी म्हणू शकतो. ते खोटं नाही. पण त्याच्या पलीकडे..." त्यांनी बोट वर केलं. कोपऱ्यात कॅमेरा होता. "इथं प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो, ताई. निर्दोष माणसाला आम्ही इतकी वर्षं हजेरीला बोलावत होतो, असं मी माझ्या तोंडानं म्हणालो तर उद्या मला उत्तर द्यावं लागेल."

"मग बाहेर झाडाखाली येऊन म्हणा ना सर."

"तिथंही आहे."

तेव्हा मला दिसलं. खांबावर, करंजाच्या बरोबर समोर. त्यांच्याही डोक्यावर कोणी तरी कॅमेरा बसवून ठेवला होता, आणि ते कोण हे त्यांनाही माहीत नसणार. माझा राग तिथंच विझला. या माणसावर काय ओरडायचं?

मी म्हटलं, "ठीक आहे सर. तेवढंच म्हणा."

त्यांनी बाबाला आत बोलावलं. बाबा दाराशी चपला काढून आला. साहेबांनी खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा काठावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांत. साहेबांनी चहा मागवला. तो चहा पाहूनच बाबाला शंका आली असणार. पोलीस चहा देतात तेव्हा काही तरी बिघडलेलं असते, एवढं आमच्याकडच्या लेकरालाही समजते.

"दसरूबाबा," साहेब म्हणाले, "आजपासून हजेरी बंद. आता यायचं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, आराम करा."

मला वाटलं, जमलं. बाबानं हात जोडले. "बरं जी." उठायला लागला. अर्धा उठला आणि परत बसला. चहाची कपबशी त्यानं टेबलावर ठेवली, नीट, सांडू न देता.

"आजपासून ना, साहेब?"

"हो, आजपासून."

"मंजी काल परवा होती ना जी?"

मी साहेबांकडं पाहिलं. मनात म्हणत होते, म्हण ना साहेबा, 'होती' म्हण. दोन अक्षरं आहेत. तुझ्या एका शब्दावर माणसं जेलात जातात, एका शब्दावर माझा बाप सुटून जाईल, म्हण.

साहेबांनी वर पाहिलं. कॅमेऱ्याकडं. मग खाली टेबलाकडं. काही बोलले नाहीत.

"होती, बाबा," मीच बोलले. "होती ना. साहेब आताच म्हणाले मला. दोन सालांमागं बी होती. सगळी होती."

बाबानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो साहेबांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसून राहिला होता. मी पोटची पोर. माझं बोलणं कोणत्या कामाचं? हुकूम होता की नव्हता हे सांगायला साहेबच पाहिजे. आणि साहेब मुके झाले होते.

मनिराम जमादारानं डोळे पुसले. मी पाहिलं.

बाबा उठला. सवयीनं साहेबांना हात जोडले. दारात चपला पायानं चाचपल्या, घातल्या. करंजाजवळून गेलो तेव्हा तो क्षणभर थांबला, कोणी काही म्हणते का ते ऐकत. कोणी म्हणालं नाही. मी त्याचा हात धरून सडकेवर आणला.

देवरीच्या थांब्यावर ऊन लागत होतं. मी त्याला सावलीत बसवलं, पानी दिलं. तो प्यायला नाही. मी बडबडत होते, ऑपरेशनचं, कोहमाऱ्याला राहायला येण्याचं, दुकानासमोर खुर्ची टाकण्याचं. नातू तुझी वाट पाहते म्हटलं. मग तो बोलला.

"तुही माय त्या दिवशी थांबा म्हणे."

"मला माहीत आहे बाबा. तू सांगितलं होतं."

"ते सांगतलं. एक नाई सांगतलं." त्यानं गमछानं तोंड पुसलं. "मी अंगनातून निंघालो. कुडाच्या भाईर गेलो, तं तिनं मांगून आवाज देला. माहं नाव घेऊन. कधी नाव घेत नव्हती वं ती माहं, जलमात नाई. त्या दिवशी घेतलं. दसरू म्हणे."

मी पान्याची बाटली खाली ठेवली.

"मले आयकू आलं. चांगलं आयकू आलं. मी नाई वळलो. मनलं बस चुकंन."

सडकेवर ट्रक जात होते. बाबाच्या डोळ्यांतून पानी येत होतं, पण मोतीबिंदूनं ते एरवीही येत असे, म्हणून मला समजेना की तो रडतो आहे की नाही. मी त्याचा खांदा धरला. त्यानं धरू दिला, एवढंच.

तेवढ्यात आमची कोहमाऱ्याकडची बस आली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला, चला, चला, सडक अर्जुनी, साकोली, चला. मी उठले, पिशवी घेतली, बाबाच्या बगलेत हात घातला. तो उठला नाही. मी ओढलं. कंडक्टर म्हणाला, "आते हो क्या, अम्मा? नहीं तो जाऊं?" मी ओरडले, "रुक ना भाऊ, म्हातारा माणूस आहे, दिसत नाही त्याला!" कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली. मी बाबाला म्हटलं, "बाबा, ऊठ ना. बस चुकंन गा."

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत बाबा तसाच बसून राहिला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "आता कायची घाई हाये?"